रेजिनाचा कण अजून सापडायचा आहे

बातमी आली तेव्हा माझ्या हातात भोंगा होता. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, बोंबील सुकत घातलेल्या दोऱ्यांच्या पलीकडे, रेती उपशाविरुद्ध आमची सभा चालली होती आणि मी नेहमीप्रमाणे घसा फोडून बोलत होते. खिशातला फोन वाजला. इनासकाकांचा, म्हणजे रेजिनाच्या वडिलांचा. मी भोंगा खाली केला. काका म्हणाले, "पुढारी, सभा आटोपली की ये. घाई नाय आता." त्यांच्या लेकीने मला दिलेलं नाव काकाही वापरायचे, त्यामुळे हाक नेहमीचीच होती. नंतरचे तीन शब्द मात्र मला कळले आणि कळलेही नाहीत. मी भोंगा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. तो कुणाच्या हातात दिला, हे अजूनही आठवत नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. रेजिना माझी मैत्रीण. होळी गावच्या बागायतीत वाढलेली, केळी, पानवेल आणि मोगऱ्याच्या वाडीतली पोरगी, आणि मूलकण भौतिकीची संशोधक विद्यार्थिनी. रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिशीही गाठली नव्हती. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. पत्रकाला आरोपी लागतो. बिल्डर, टँकरवाला, झोपलेला अधिकारी, कुणीतरी लागतंच, त्याशिवाय पहिलं वाक्य सुचत नाही. या मृत्यूत मी बरेच दिवस आरोपी शोधला. डॉक्टर चांगले होते. घरच्यांनी काही कमी केलं नाही. शेजाऱ्यांनी रक्त दिलं. कुणावर ओरडू? तर मग जे झालं ते सरळ लिहिते. रेजिनाला आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती. वस्तूंना वस्तुमान का असतं याचं जे स्पष्टीकरण ती शिकली, त्यात एक कण गृहीत धरलेला आहे आणि तो अजून कुणालाही दिसलेला नाही. तो आहे की नाही, हे तिला कळायला हवं होतं. आहे म्हणाले असते तरी चाललं असतं, नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. कळायला हवं होतं, बस.

हे वेड लागलं ते आम्ही बी.एस्सी.ला असताना. सहावा क्वार्क सापडल्याची बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर, कोपऱ्यात आली होती. मला ती दिसलीही नव्हती. रेजिना माणिकपूरला आमच्या फ्लॅटवर आली, चपला दारात काढायच्या विसरून थेट स्वयंपाकघरात, आणि माझ्या आईला म्हणाली, "काकू, कागदावर लिहिलेलं खरं निघालं." आई कुकरची शिट्टी मोजत होती. तिला वाटलं, पत्रिका जुळली कुणाची तरी. मग रेजिनाने समजावलं, की या कणाबद्दल लोकांनी कितीतरी वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं, की आमच्या मांडणीत एक जागा रिकामी आहे, तिथे हा असणारच. आणि तो निघाला. आई म्हणाली, "मग आता झालं ना सगळं?" रेजिना म्हणाली, "नाही ना काकू. अजून एक जागा रिकामी आहे." त्या दिवसापासून ती त्या रिकाम्या जागेची झाली.

एम.एस्सी.ला मूलकण भौतिकी हा ऐच्छिक विषय होता, फक्त कागदावर. पुरेसे विद्यार्थी नसतील तर चालवायचा नाही, असा नियम, आणि पुरेसे विद्यार्थी कधीच नसत, कारण त्यात नोकरी नाही हे सगळ्यांना ठाऊक. सगळे इलेक्ट्रॉनिक्सकडे. एका विषयाचा गळा दाबायचा आणि वर म्हणायचं, मुलांनाच आवड नाही! माझं डोकं फिरलं. मी पत्रक लिहिलं. त्याचं पहिलं वाक्य अजून पाठ आहे: "विश्व कशाचं बनलं आहे हे जाणून घेण्याचा जन्मसिद्ध हक्क चिरडणाऱ्या निर्लज्ज, निगरगट्ट, बाजारू मनोवृत्तीचा धिक्कार असो." रेजिनाने पेन घेतलं आणि सगळी विशेषणं खोडली. "ए पुढारी, हे वाचून सर विषय चालवतील की पोलीस बोलावतील? मागणी ठेव, शिव्या काढ." मग ती स्वतः वसतिगृहात फिरली, एकेकाला धरून बसली. तरीही आकडा जमेना, तेव्हा मी माझं नाव दिलं. मला त्या विषयात काडीचा रस नव्हता. मी गणपूर्ती होते. ती सगळ्यांना माझी ओळख अशीच करून द्यायची, "ही निशा, आमची गणपूर्ती."

विषय सुरू झाला. एका संशोधन संस्थेतून एक वयस्कर सर आठवड्यातून एकदा शिकवायला यायचे. मऊ आवाज, हातात खडूऐवजी बहुतेक वेळा रुमाल. त्यांनी क्वार्क शिकवले, न्यूट्रिनो शिकवले, बलांची वाहतूक करणारे कण शिकवले. मला निम्मं डोक्यावरून गेलं. पण एक गोष्ट माझ्यासारखीलाही कळली, की हे सगळं सममितीवर उभं आहे. समीकरण अमुक प्रकारे फिरवलं तरी ते तेच राहिलं पाहिजे, एवढी एक अट घातली की बलं आपोआप बाहेर येतात. घोटाळा असा, की त्या अटीत कणांना वस्तुमान देता येत नाही. हाताने लिहायला गेलं की सममिती मोडते. "मग वस्तुमान आलं कुठून?" सरांनी विचारलं, आणि म्हणाले की ते पुढच्या वेळी. पुढची वेळ आलीच नाही. सरांची प्रकृती ढासळली, त्यांनी येणं थांबवलं. विभागाने सांगितलं, परीक्षा हवी तर द्या, शिकवायला माणूस नाही. बरीच मुलं विषय बदलून मोकळी झाली. मी बदलला असता. रेजिनाने माझ्याकडे नुसतं पाहिलं... आणि मी राहिले.

मग उरलेल्यांना तीच शिकवू लागली. शिकत शिकत शिकवायची. जागा कुठली, तर तिच्या गावच्या चर्चच्या आवारातला धर्मशिक्षणाचा वर्ग. शनिवारी दुपारी तो रिकामा असे, आणि फळा मोठा होता. फादरनी किल्ली दिली, अट एकच, जाताना फळा पुसायचा. वर्गाच्या भिंतीवर आमच्या शेजारी नोहाचं तारू, म्हणजे बायबलमधली महापुरातली नौका, आणि प्राण्यांच्या जोड्या, आणि खाली रेजिना स्टँडर्ड मॉडेलचं, म्हणजे सगळ्या कणांच्या मांडणीचं, ते अक्राळविक्राळ समीकरण फळाभर पसरून उभी. एकदा फळा पुसायचा राहिला. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर लहान मुलं वर्गात बसली, आणि त्यांनी फळ्यावर होतं ते सगळं वहीत उतरवून घेतलं. वर सिस्टरनी आदल्या आठवड्यात लिहून ठेवलेल्या दहा आज्ञा होत्या, खाली आमचं समीकरण. मुलांना वाटलं, आज्ञा वाढल्या. सिस्टर ज्युलिया तणतणत रेजिनाच्या घरी आल्या. "अगं, एका पोराच्या आईने मला विचारलं, सिस्टर, ही अकरावी आज्ञा पाठ करून घ्यायची का? मी काय सांगू?" रेजिना ओशाळली, पण तिला हसूही आवरेना. म्हणाली, "सिस्टर, पाठ केली तर मला सांगा. माझी अजून होत नाहीये."

खरंच होत नव्हती. वस्तुमान कुठून आलं हे प्रकरण आम्ही ज्या पानांवरून शिकत होतो ती झेरॉक्सची झेरॉक्स होती, मूळ पुस्तक कुणाकडे ते आम्हाला माहीत नव्हतं. काही ओळी पुसट, कडा कापलेल्या. रेजिनाने सगळं गणित केलं, आणि उत्तर येई शून्य. प्रत्येक कणाचं वस्तुमान शून्य. पुन्हा केलं, शून्य. आठवडे गेले. "हे बघ पुढारी," ती म्हणाली, "या गणितात सगळं प्रकाशाच्या वेगाने पळत सुटलंय. अणू नाही, केळं नाही, तू नाही, मी नाही. मोर्चा तर मुळीच नाही." मी म्हटलं, पुस्तकच चुकलंय, प्रकाशकाला पत्र लिहू. ती म्हणाली, "पुस्तक चुकेल, पण केळं आहे ना समोर. ते कसं चुकेल?" तिने झोप सोडली, जेवण सोडलं. फिलोमावशी, तिची आई, ताट घेऊन वाडीभर तिच्या मागे फिरायच्या. "ही परीक्षा आहे की उपास?" असं मलाच दरडावायच्या, जणू मीच ते शून्य आणलं होतं.

एका सकाळी इनासकाका माडांना आळी करत होते. ज्यांनी वाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: माडाच्या बुंध्याशी माती चढवून उंचवटा करतात आणि त्याच्याभोवती गोल चर खणतात, पाणी त्या चरात साठतं. हे आळं. मी रेजिनाला घेऊन कुठेतरी सहीमोहिमेला जाणार होते, म्हणून लवकर आले होते. ती वाफ्याच्या कडेला बसून कोवळ्या सुपाऱ्या हातात खेळवत होती. एक सुपारी तिने माडाच्या बुंध्याशी, उंचवट्यावर ठेवली. ती घरंगळली आणि चरात एका जागी थांबली. दुसरी ठेवली, ती दुसरीकडे थांबली. तिसरी तिसरीकडे. काका वैतागले. "मी आळं करतो ते पाणी द्यायला. तू काय त्यात गोट्या खेळतेस? घोडी झाली!" पण रेजिना ऐकतच नव्हती. ती आळ्याभोवती गोल फिरली, उलटी फिरली, आणि मला म्हणाली, "निशा, आळं सगळीकडून सारखंच दिसतं. पण सुपारी कुठेतरी एकाच जागी थांबते. मध्यभागी उंचवटा आहे म्हणून थांबते. आपल्या गणितात उंचवटाच नाहीये. आपण नुसता वाडगा काढलाय!" पळत घरात गेली, ती झेरॉक्स खिडकीच्या उजेडात धरली. एका पदाच्या आधी अगदी बारीक, अर्धवट उडालेली रेघ होती. वजाचं चिन्ह. झेरॉक्सने खाल्लेलं. ते वजा म्हणजेच तो उंचवटा. आम्ही इतके आठवडे अधिक धरून चाललो होतो. ती खाली बसली, गणित केलं, आणि कणांना वस्तुमान आलं. आणि त्या सगळ्याच्या शेवटी, जिथे सुपारी थांबते तिथे ती जराशी हलते त्या हलण्यातून, एक नवा कण निघाला. तीच रिकामी जागा. तिने बोट ठेवून मला दाखवलं. मला त्यातलं गणित आलं नाही, पण तिचा चेहरा मी पाहिला. सहीमोहीम त्या दिवशी राहिली आणि मला त्याचं काही वाटलं नाही, जे माझ्या बाबतीत फार क्वचित घडतं.

मी त्या विषयात कशीबशी पास झाले आणि भौतिकीला रामराम ठोकला. रेजिना संशोधनाला गेली. मुलाखतीत तिला विचारलं म्हणे, की उत्स्फूर्त सममितिभंग म्हणजे काय ते सांगा, आणि तिने फळ्यावर माडाचं आळं काढलं. समोरच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, हे काय? तिने विचारलं, "सर, तुमच्याकडे माड नाहीत का?" सगळे हसले, आणि तिला घेतलं. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी चिडले होते. आमच्या गावांच्या विहिरी टँकर उपसून नेत होते, पाणी खारं होत होतं, आणि ही हुशार पोरगी कुणाच्या बापाला न दिसणाऱ्या कणामागे! मी तिला तोंडावर म्हटलं, "तुझा कण सापडला तर विहिरीला पाणी येणार आहे का?" तिने शांतपणे उत्तर दिलं, "नाही येणार. आणि तुझ्या विहिरीला पाणी आलं तर कण सापडणार आहे का? दोन्ही हवंय ना गं?" मग माझ्यासोबत ती मोर्चाला आली, पहिल्यांदा आणि शेवटची. घोषणा देताना तिचा आवाज इतका बारीक, की मी तिला म्हटलं, तू फलकच धर. तिने फलक धरला. उलटा.

आजार कळला तेव्हा युरोपात जमिनीखाली एक प्रचंड यंत्र बांधणं चाललं होतं. कणांच्या धडका घडवून जे काय सापडायचं ते तिथेच सापडणार होतं. ते सुरू व्हायला अजून वेळ होता. रेजिनाने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो हा, की "यंत्र सुरू होईपर्यंत मी टिकेन का?" डॉक्टर म्हणाले, "यंत्र? आमची सगळी यंत्रं चालू आहेत, काळजी करू नका." ती हसत सुटली, आणि मग मला बाहेर जाऊन रडावं लागलं. उपचारांच्या त्या महिन्यांत ती सलाईनच्या हाताने लिहायची नाही, दुसऱ्या हाताने लिहायची. केस गेले. टोपी घालून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सना क्वार्कचे प्रकार शिकवायची. एक मल्याळी नर्स सगळे सहाच्या सहा घडाघडा म्हणून दाखवायची. मी विचारलं, "आणि तो कण नसलाच तर? एवढं सगळं शिकलीस ते फुकट?" तिने डोळे मिटले होते. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "फुकट कसं? मग काय आहे ते शोधायचं. पण आधी कळायला तर हवं, नाही म्हणून..." हे वाक्य तिने पूर्ण केलं नाही. थकली होती.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. फादर फार मायेने बोलले, त्यांनी तिला लहानपणापासून पाहिलं होतं. शेवटी म्हणाले, की आता ती सर्व ज्ञानाच्या उगमापाशी पोचली आहे, तिला जे जे जाणून घ्यायचं होतं ते आता तिला कळलं असेल. लोकांनी डोळे पुसले. मी मात्र बाकावर बसल्या बसल्या संतापले. रेजिना श्रद्धाळू होती, रविवार चुकवत नसे, पण याच प्रश्नावर एकदा मी तिला डिवचलं होतं, की तुझ्या देवालाच विचार ना, तर म्हणाली होती, "देवाला विचारून उत्तर लिहिणं म्हणजे कॉपी." तिला कुणी सांगायला नको होतं. तिला इथे, या पृथ्वीवर, माणसांनी खणून काढलेलं उत्तर हवं होतं, चुका-खाडाखोडीसकट. ते तिला मिळालं नाही. त्याला सुंदर वाक्याचं पांघरूण घालू नका, एवढंच माझं म्हणणं. पत्रकात मी हे लिहिलं असतं तर तिने विशेषणं खोडली असती. मीच खोडलीत, बघ रेजिना.

ती गेल्याला महिना झाल्यावरच्या मिस्सेनंतर सगळे पाहुणे जेवून गेले तेव्हा फिलोमावशींनी मला मागच्या पडवीत बसवलं. त्या फारशा शिकलेल्या नाहीत, पण गोल गोल बोलत नाहीत. म्हणाल्या, "निशा, सगळे सांगतात माझी पोर हुशार होती. ती काय शिकत होती, ते मला कुणी सांगत नाय. तू सांग." मी आयुष्यभर अडाणी-शहाण्या सगळ्यांना एका पानात सगळं पटवून दिलंय.  तिथे मात्र कसंबसं सांगितलं, की जग कशाचं बनलंय त्याची एक मांडणी आहे, ती जवळजवळ सगळी खरी निघाली आहे, फक्त एक कण सापडायचा आहे, आणि तुमची मुलगी त्याची वाट बघत होती. मावशींनी विचारलं, "म्हणजे अजून नाय सापडला?" मी म्हटलं, नाही. "मग तिला कळलंच नाय." मी म्हटलं, नाही कळलं. मला वाटलं त्या रडतील. त्यांनी मान हलवली, मान्य केल्यासारखी, जसं वाडीतल्या एखाद्या झाडाबद्दल करतात. मग विचारलं, "सापडला तर कुठे सांगतील?" मी म्हटलं, "सगळ्या जगाला सांगतील मावशी. रेडिओवरही येईल."

परवा सकाळी मी त्यांच्याकडे गेले. स्वयंपाकघराच्या फळीवर एक जुना रेडिओ आलाय, काकांनी माळ्यावरून काढून दुरुस्त करून आणलाय. मराठी बातम्या लागल्या होत्या. मावशी चुलीजवळच्या पाटावर बसल्या होत्या, मोगऱ्याचे गजरे अर्धवट ओवलेले मांडीवर, हात थांबलेले. मी बोलायला गेले तर बोटाने गप्प केलं. मंत्री झाले, भाव झाले, क्रिकेट झालं, हवामान झालं. मी हळूच म्हटलं, "मावशी, ते यंत्र अजून सुरूसुद्धा झालेलं नाही. वर्षं लागतील." त्या म्हणाल्या, "लागू दे. मधेच सापडला आणि आपण ऐकलं नाय तर?" बातम्या पूर्ण संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. मग पदराला हात पुसून त्यांनी रेडिओ बंद केला.

"आज नाय," त्या म्हणाल्या, आणि पुढचं फूल ओवायला घेतलं.